चर्चमधला ऑर्गन आणि आपल्या घरची पेटी

(पेटी व पायऑर्गन दुरुस्तीच्या आमच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी)

पेटी दुरुस्तीला आणणारे बरेच जण विचारतात, "चर्चमधला तो मोठा ऑर्गनही तुम्हीच दुरुस्त करता का?" नाही. पाइप ऑर्गनचे काम आम्ही घेत नाही, ते वेगळ्या कारागिरांचे आहे. पण भाता, चामडे आणि मुंबईची दमट हवा यांच्याशी त्यांचीही गाठ असते आणि आमचीही. तो ऑर्गन समजला की आपली पेटी पावसात का रुसते हेही चटकन कळते, म्हणून हे पत्रक.

चर्चगेटला रोज गाडीतून उतरणाऱ्या कितीतरी जणांना हे नाव कोणत्या चर्चवरून पडले ते ठाऊक नसते. हॉर्निमन सर्कलजवळचे सेंट थॉमस कॅथीड्रल, तेच ते चर्च. फोर्टच्या तटाला तीन दरवाजे होते. त्यांतला एक या चर्चच्या वाटेवर होता, म्हणून तो चर्चगेट. १८६० नंतर तट पाडला, दरवाजाच्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले आणि नाव पुढे स्टेशनला मिळाले.

चर्चची पायाभरणी १६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या काळात झाली. पण भिंती थोड्या वर आल्या आणि काम थांबले. जवळजवळ चाळीस वर्षे त्या भिंती तशाच उघड्यावर पावसाळे झेलत होत्या. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्यांनी १७१५ च्या सुमारास वर्गणीसाठी नेट लावला, तेव्हा कुठे १७१८ च्या नाताळला चर्च उघडले. १८३७ मध्ये मुंबईला बिशप आले आणि ते कॅथीड्रल झाले. जुन्या मुंबईचे मैलाचे दगडही याच इमारतीपासून अंतर मोजून रोवलेले आहेत.

या चर्चमध्ये पाइप ऑर्गन आहे. कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्येही आहे. समोरून दिसणारे नळे म्हणजे सगळा ऑर्गन नव्हे. बहुतेक नळे आत, लाकडी चौकटीमागे असतात: काही कथिल-शिशाच्या मिश्रणाचे, काही लाकडी. बासरीच्या तोंडाशी फुंकर जशी धारेवर आपटते, तशीच हवा यांतल्या बहुतेक नळ्यांत आपटते आणि सूर निघतो. उघड्या तोंडाचा ८ फुटी नळा मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या (इंग्रजीतल्या C सुराच्या) दोन सप्तके खालचा सूर देतो. १६ फुटी नळा त्याच्याही एक सप्तक खाली जातो. तो खर्ज कानांआधी बाकाच्या फळीतून अंगाला जाणवतो. एकदा तरी जाऊन ऐकाच.

या सगळ्याला हवा लागते. विजेची मोटर येण्याआधी वाजवणारा पुढे बसे आणि मागे दुसरा माणूस दांडा वरखाली करून भाता भरत राही. त्याचा हात ढिला पडला की सूर पडलाच. पेटीवर डाव्या हाताने भाता सांभाळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

फरक आहे तो सुरात. नळ्यातली हवा तापली की सूर चढतो. २० अंशांवरून ३० अंशांवर गेले तर अर्ध्या स्वराच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका. ऑर्गनमधले काही नळे मात्र पितळी जिभेचे, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पातळ पितळी पात्याचे असतात. ते इतके चढत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात दोघांचे जमत नाही. आपल्या पेटीत सगळ्याच पितळी जिभा, म्हणून ती उष्णतेने फारशी हलत नाही. तिला छळते ती ओल. लाकूड फुगते, पट्टी वर येत नाही, झडप बसत नाही आणि एखादा सूर आपोआप वाजत राहतो. चर्चच्या ऑर्गनलाही हाच आजार होतो.

संगीत नाटकातला ऑर्गन, ज्याची साथ बालगंधर्वांच्या गाण्याला असे, तो नळ्यांचा नव्हे. तोही पितळी जिभांचाच, पण पायाने चालणारा. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, हा बहुधा आत ओढून घेतो. म्हणून त्याचा आवाज मऊ आणि गोल. जुने पायऑर्गन घरात पडून असतील तर भंगारात देऊ नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. चामडे आणि कापड बदलले की त्यांतले कितीतरी पुन्हा बोलू लागतात.

पेटी पावसाळ्याआधी, मे महिन्यात दाखवायला आणा. वाजवून झाल्यावर भाता मिटूनच ठेवा. खोळीत वेखंडाचे दोन तुकडे टाका, कसर दूर राहते. ओल धरली म्हणून उन्हात मात्र ठेवू नका, लाकूड तडकते. सूर लागून राहिला तर पट्टी ओढू नका, घरी स्क्रू खोलू नका. कुठली पट्टी आणि कुठल्या सप्तकातली, एवढे चिठ्ठीवर लिहून पेटीसोबत द्या.