पायली

पायली : धान्य आकारमानाने मोजण्याचे महाराष्ट्र व गोव्यातील जुने माप. सर्वसाधारण कोष्टक असे : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, अर्ध्या पायलीस अधोली म्हणतात. त्यावरची पायरी सर्वत्र सारखी नव्हती. मण कोठे बारा पायल्यांचा, कोठे सोळांचा. पेशवेकालीन कागदांत ‘बारुले’ माप येते, ते बहुधा बारा पायल्यांच्या मणावरून. त्याच कागदांत ‘कैली’ म्हणजे मापून दिलेले धान्य. तोलून दिलेले त्याहून वेगळे. हा भेद न पाहता जुन्या खंडी-मणांचे किलो करणे धोक्याचे आहे. एका पायलीत ज्वारी जेवढी भरते तेवढ्या वजनाचे पोहे भरत नाहीत.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘पाव’ म्हणजे चौथा हिस्सा, त्याच्याशी नाते जोडण्याचा मोह होतो. पण पायली शेराची चौपट आहे, चौथाई नव्हे. पाणिनीने (अष्टाध्यायी ३.१.१२९) संस्कृत ‘पाय्य’ हा शब्द मापाच्या अर्थाने साधला आहे. अर्थ व ध्वनी दोन्ही दृष्टींनी हा धागा अधिक पटण्याजोगा वाटतो. मात्र शेवटच्या ‘ली’चा उलगडा त्याने होत नाही.

मापून विकण्यातला खरा तंटा शिगेचा. काठाच्या वर धान्याची जी टोकदार रास राहते ती शीग. माप शिगेने भरून द्यायचे की काठावरून हात फिरवून सपाट, हे आधी ठरलेले नसेल तर भाव ठरून उपयोग नाही. शीग मापाच्या तोंडावर अवलंबून असते : दोन भांड्यांत सारखेच धान्य मावत असले तरी रुंद तोंडाच्या भांड्यावर शीग मोठी राहते. त्यामुळे घेताना पसरट आणि देताना उभट माप वापरणाऱ्याला खोटे माप ठेवण्याची गरजच पडत नाही. धान्याचा दाणाही फरक करतो. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (सु. ११५०) जमिनीवरील राशीची उंची भरड धान्यात परिघाच्या दहाव्या, बारीक धान्यात अकराव्या आणि कुसळाच्या धान्यात नवव्या हिश्शाइतकी धरली आहे. हाच हिशेब मापावर लावला तर बारीक धान्याची शीग बसकी येणार.

कौटिलीय अर्थशास्त्रात (२.१९) याचा बंदोबस्त आढळतो. माप वाळलेल्या कठीण लाकडाचे असावे, शीग एकूण मापाच्या चौथ्या हिश्शाइतकी यावी किंवा ती मापाच्या पोटातच धरलेली असावी, आणि मापांची तपासणी दर चार महिन्यांनी व्हावी, असे त्यात म्हटले आहे. ग्रंथाचा काळ परंपरेने इ.स.पू. चौथे शतक मानतात. उपलब्ध संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील असावी हे मत अधिक संभवनीय दिसते. हे नियम प्रत्यक्ष बाजारात कितपत पाळले जात, हे ग्रंथावरून ठरवता येत नाही.

मुंबई इलाख्यात १९३२ मध्ये वजनमापांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या केंद्रीय कायद्याने दशमान पद्धती आली व १९६२ पासून किलोग्रॅमची वजने देशभर सक्तीची झाली. सध्या वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०११ पासून) लागू आहे. त्यानुसार प्रमाण एककाखेरीज अन्य एककात भाव सांगता येत नाही, म्हणून पायलीचा भाव कायद्यात बसत नाही. दुकानातील वजने दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काटे दरवर्षी पडताळून मुद्रांकित करून घ्यावे लागतात. विक्री निव्वळ वजनाची असते. मिठाईच्या भावात खोके तोलता येत नाही. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. अर्धा ते एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट क्षम्य आहे. पूर्वी शीग गिऱ्हाइकाच्या बाजूने असे, आता सवलत पाकीट भरणाऱ्याकडे आहे.

बाजार समित्यांत मापाडी हे नाव टिकले आहे, काम मात्र तोलण्याचे झाले. पायलीने धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात, आणि मोजणी दोनवरून पुढे चालू होते.