हवाई रायफल नेमबाजी : स्पर्धाप्रकारांचे तुलनात्मक काठिण्य

दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा मारणाऱ्या रायफलीने खेळल्या जाणाऱ्या लक्ष्यवेधी स्पर्धांचे अनेक प्रकार रूढ आहेत. त्यांतला कोणता अधिक अवघड, हा नेमबाजांमधला जुना वाद आहे. उत्तर बहुधा देणारा ज्या प्रकारात मुरलेला असतो त्याच्याच बाजूने येते. प्रस्तुत नोंदीत लक्ष्याचा कोनीय आकार, शरीराची ठेवण, वारा, अंतराचा अंदाज आणि गुणपद्धती या पाच कसोट्या लावल्या आहेत. रायफल धरण्याची व नेम घेण्याची मूलतत्त्वे गृहीत धरली आहेत.

उगम : हवाई रायफलीच्या स्पर्धात्मक नेमबाजीचा आरंभ कोठे मानावा, याबद्दल दोन मते आहेत. एक मत इंग्लंडकडे बोट दाखवते. तेथे, मुख्यतः बर्मिंगहॅम व भोवतालच्या भागात, विसाव्या शतकाच्या आरंभी पबमधून ‘बेल टार्गेट’ हा खेळ पसरला. सहा यार्डांवरच्या लोखंडी पत्र्यात ३/८ इंचाचे (सु. ९.५ मिमी.) भोक असते, छर्रा त्यातून पार गेला की मागची घंटा वाजते. त्याआधीही जर्मन बनावटीच्या स्वस्त हवाई बंदुकांवर असे खेळ होत असावेत. मात्र लिंकन जेफ्रीज यांच्या १९०४ च्या सुमाराच्या पेटंटनुसार बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीने भरवशाची रायफल बनवायला घेतली, तेव्हापासून या खेळाला खरी बैठक मिळाली असे दिसते. दुसरे मत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीकडे जाते. १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांनी तेथे बंदुकांवर निर्बंध घातले. १९५० च्या सुमारास हवाई बंदुकांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले आणि नेमबाजी मंडळांना तेवढाच मार्ग मोकळा राहिला. अचूकतेची सगळी भूक या एका शस्त्रावर आली आणि त्यातूनच १० मी. चा प्रकार घडला. १९६६ च्या वीस्बाडेन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो समाविष्ट झाला, तर १९८४ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. क्लबांचा व लीगचा इतिहास पाहिला तर पहिले मत ग्राह्य ठरते. पण आजच्या स्पर्धांची मोजमापे, साईट व रायफली यांची वंशावळ दुसऱ्या मताला अधिक जुळते.

रायफलीचा धक्का : स्प्रिंग व पिस्टनच्या रायफलीत घोडा ओढल्यावर जड पिस्टन आधी पुढे धावतो आणि छर्रा नळीतून सुटण्यापूर्वीच रायफल हलते. त्यामुळे जुन्या नेमबाजाला निशाण जितके साधावे लागे, तितकीच प्रत्येक वेळी पकड सारखी ठेवावी लागे. १९६० च्या दशकारंभी फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीच्या ‘१५०’ या रायफलीत नळी व यंत्रणा सरकत्या घसरगुंडीवर बसवून हा धक्का खांद्यापर्यंत पोहोचू दिला नाही. डायाना या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या गिस पद्धतीत दोन पिस्टन एकमेकांविरुद्ध धावत. पुढे आधीच भरून ठेवलेल्या हवेच्या रायफली आल्या आणि धक्क्याचा प्रश्न जवळजवळ मिटला. म्हणून १९७० च्या आधीचे व नंतरचे गुण शेजारी ठेवून काठिण्याबद्दल काही ठरवू नये. फील्ड टार्गेटमध्ये (येथे मोकळ्या जागेत निरनिराळ्या अंतरांवरच्या पत्र्याच्या लक्ष्यातील भोकात छर्रा मारून ते पाडायचे असते) पिस्टन रायफलींचा वेगळा गट आजही राखला जातो, तो याच कारणाने.

लक्ष्याचा आकार : १० मी. रायफलच्या फलकावर दहाचा ठिपका ०.५ मिमी. व्यासाचा असतो. छर्रा ४.५ मिमी. चा असल्याने तो ठिपक्याला नुसता स्पर्शला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमी. च्या आत हवा. कोनाच्या भाषेत हे ०.२५ मिलिरेडियन (१ मिलिरेडियन म्हणजे १० मी. वर १० मिमी.). फील्ड टार्गेटचे ४० मिमी. चे भोक ५० मी. वर धरले तर केंद्रापासूनची सूट सु. ०.४ मिलिरेडियन पडते, १० मी. एअर पिस्तुलात ती सु. ०.८ असते. हवाई नसलेल्या ५० मी. स्मॉलबोअर रायफलीत मात्र ती ०.१६ इतकी कमी आहे. केवळ या आकड्यांवरून क्रम लावणे सोपे असले तरी दिशाभूल करणारे आहे. भोक मोठे की लहान, यापेक्षा रायफल कशावर टेकली आहे याला अधिक महत्त्व द्यावे लागते.

शरीराची ठेवण : याचा लख्ख पुरावा २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मिळतो. अवनी लेखरा हिने १० मी. एअर रायफलच्या ‘स्टँडिंग’ प्रकारात (व्हीलचेअरवर बसून, कोपराला आधार न घेता) पात्रता फेरीत ६२५.८ गुण मिळवले व ती दुसरी आली; अंतिम फेरीत तिने सुवर्ण जिंकले. त्याच स्पर्धेत ‘प्रोन’ प्रकारात, जेथे कोपरे टेबलावर टेकवता येतात, तिने ६३२.८ गुण मिळवले आणि ती अकरावी राहिली. तीच खेळाडू, तेच अंतर, तोच फलक. सात गुण वाढले आणि क्रमांक नऊने घसरला. दोन्ही प्रकारांची स्पर्धक-यादी वेगळी असते, हे खरे. तरीही सोपी ठेवण गुण वाढवते पण स्पर्धा सोपी करत नाही, एवढे यातून नक्की दिसते.

उभ्याने नेम घेणारी व्यक्ती डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवते, पाठ मागे कलवते आणि साडेपाच किलोपर्यंतच्या रायफलीचा भार स्नायूंवर न घेता हाडांवर उतरवते. श्वास अर्धा सोडून थांबवला की साईटच्या वर्तुळात काळा ठिपका हृदयाच्या ठोक्याबरोबर किंचित उसळताना दिसतो. त्या उसळीच्या मध्ये घोडा सुटायला हवा. हे ७५ मिनिटांत ६० वेळा करायचे असते. दुर्बीण चालत नाही.

गुणपद्धती : पूर्णांकी गुणांची मर्यादा गाठली गेली तेव्हा हा प्रकार सोपा झाल्यासारखा वाटू लागला. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. २०१३ पासून पात्रता फेरीही दशांशात मोजली जाऊ लागली, म्हणजे एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त १०.९ गुण. दर ०.१ साठी पाव मिलिमीटर, १०.९ साठी मध्य केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्जुन बबुता ६३०.१ गुणांसह सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेला, तर संदीप सिंग ६२९.३ गुणांवर बारावा राहिला. ६३०.१ म्हणजे सरासरी साडेदहा, केंद्रापासून एक ते सव्वा मिलिमीटर. दोघांतले ०.८ गुणांचे अंतर साठ छर्ऱ्यांत मिळून जेमतेम २ मिमी. भरते. महिलांनाही २०१८ पासून ४० ऐवजी ६० छर्रे मारावे लागतात.

वारा व अंतर : फील्ड टार्गेट इंग्लंडमध्ये, बहुधा १९८० साली ससेक्समधील मॅगम डाउन येथे, शिकारीची नक्कल म्हणून सुरू झाले. छर्ऱ्याच्या ऊर्जेवरील १६ ज्यूलच्या आसपासच्या मर्यादेत ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सु. २४० मी. वेगाने सुटतो. ५० मी. गाठेपर्यंत गालाला जेमतेम जाणवणारा सेकंदाला १ मी. चा आडवा वाराही त्याला सु. ३ सेमी. ढकलतो, म्हणजे ४० मिमी. च्या भोकाबाहेर. अंतर दुर्बिणीचा फोकस फिरवून ओळखावे लागते, ५० मी. चे ४७ मी. समजले तर छर्रा सु. २ सेमी. खाली लागतो. मुरलेला खेळाडू लक्ष्य पुन्हा उभे करण्यासाठी बांधलेली दोरी कुठे झुकते आहे, हे आधी पाहतो. पडले तर एक, नाही पडले तर शून्य. जवळ लागल्याचे श्रेय नाही. हंटर फील्ड टार्गेटमध्ये भोकात लागल्यास दोन व पत्र्यावर लागल्यास एक गुण मिळतो, बहुतेक छर्रे झोपून मारता येतात. मात्र दुर्बिणीची जुळणी स्पर्धेत बदलता येत नाही, म्हणून अंतराचा अंदाज सर्वस्वी डोळ्यांवर येतो. बंदिस्त १० मी. च्या रेंजवरून थेट येथे येणाऱ्याला पहिला धक्का वाऱ्याचा बसतो. उलट प्रवासात तो स्वतःच्या थरथरीचा असतो.

धावते लक्ष्य : १० मी. वरच्या २ मी. रुंद फटीतून फलक संथ फेरीत ५ सेकंदांत, जलद फेरीत २.५ सेकंदांत जातो. लक्ष्य दिसेपर्यंत दस्ता खांद्याला लावता येत नाही. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला १७० मी. धरला तर तो पोहोचेपर्यंत फलक संथ फेरीत सु. २.५ व जलद फेरीत सु. ५ सेमी. सरकलेला असतो. दोन्ही वेग न सांगता मिसळणारी ‘मिक्स्ड’ फेरी त्यामुळे वेगळीच कसोटी ठरते. दुर्बीण येथे चालते, दहाचे वर्तुळही मोठे (५.५ मिमी.) असते. १९९२ ते २००४ या काळात हा प्रकार पुरुषांसाठी ऑलिंपिकमध्ये होता. तो वगळला गेल्यावर त्यातली कसबी पिढी विरळ होत गेली, ही खेळाची मोठी हानी होय.

अन्य प्रकार : बेंचरेस्टमध्ये रायफल आधारावर ठेवून २५ मी. वर मारतात; शरीर बाजूला सरते, वारा व साहित्य उरते. सिल्हूटमध्ये कोंबडी, डुक्कर, टर्की व मेंढा यांच्या छोट्या धातूच्या आकृत्या २० ते ४५ यार्डांवरून उभ्याने पाडायच्या असतात.

भारत : येथील हवाई रायफलीची परंपरा प्रामुख्याने १० मी. ची आहे. अंजली भागवत (सिडनी २०००) व सुमा शिरूर (अथेन्स २००४) यांनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. अभिनव बिंद्रा यांनी बीजिंगला (२००८) पात्रतेत ५९६ व अंतिम फेरीत १०४.५ मिळवून सुवर्ण जिंकले. शेवटचा छर्रा १०.८ चा होता. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत जागतिक अजिंक्यपद मिळवले. बिंद्रा यांच्या २००६ च्या झाग्रेबमधील यशानंतर या प्रकारात ते मिळवणारा तो दुसरा भारतीय.