पासवर्ड बरोबर, वेळ चूक

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी घ्या, नाहीतर विश्रामबागेतलं एखादं सीए ऑफिस. सोमवारी सकाळी डेस्कटॉप उघडतो, पण सर्व्हरवरचं हिशेबाचं फोल्डर पासवर्ड बरोबर देऊनही काही उघडत नाही. निदान ठरलेलं: ‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारा.’ त्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा म्हटलं की लोक हसतात. पासवर्डचा आणि घड्याळाचा काय संबंध?

फार जवळचा आहे. एका सर्व्हरखाली, म्हणजे डोमेनमध्ये, जोडलेल्या विंडोज मशीनची ओळख विंडोज 2000 पासून मुख्यतः ‘कर्बेरॉस’ या पद्धतीने पटवली जाते. ही पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झाली. हिच्यात तुमचा पासवर्ड वायरीतून जातच नाही. मशीन पासवर्डमध्ये डोमेनचं आणि तुमचं नाव मिसळतं, त्यावर तीच गणिती क्रिया 4096 वेळा करतं आणि एक किल्ली बनवतं. मग त्या किल्लीने आत्ताची वेळ कुलूपबंद करून पाठवतं. सर्व्हरकडेही तुमची किल्ली असते. तिने कुलूप उघडलं आणि आतून चालू वेळ निघाली, की पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे हे सिद्ध झालं.

पण वेळच का? वायरीवर पाळत ठेवणाऱ्याला कुलूप फोडता आलं नाही, तरी पकडलेला संदेश जसाच्या तसा पुन्हा पाठवता येतोच. 1978 साली नीडहॅम आणि श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी मांडलेल्या ओळख पटवण्याच्या योजनेत जुना संदेश नवा म्हणून खपवायला अशी एक फट राहिली होती. 1981 मध्ये डेनिंग आणि साको यांनी ती दाखवून दिली आणि संदेशात वेळ घालण्याचा उपाय सुचवला. कर्बेरॉसने तोच उचलला. दोन्हीकडच्या घड्याळांत 5 मिनिटांहून जास्त फरक दिसला की संदेश बाद. त्या 5 मिनिटांत आलेले संदेश लक्षात ठेवले, की तोच दुसऱ्यांदा आला तर पकडता येतो. ही मुदत नसती तर आजवर आलेला प्रत्येक संदेश कायमचा साठवावा लागला असता! एकदा ओळख पटली की एसटीच्या पाससारखं एक तिकीट मिळतं. ते सहसा 10 तास चालतं आणि फोल्डर-प्रिंटरची पुढची तिकिटं त्याच्यावरच निघतात.

आता मशीनचं घड्याळ चुकतं कसं? मशीनला वीज नसताना ते मदरबोर्डवरच्या सीआर2032 या 3 व्होल्टच्या बटण-सेलवर चालतं. रात्री मेन स्विच पाडायची सवय या सेलला लवकर संपवते. पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की मशीन वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतात आणि ती तिथेच पडून राहतात, तेव्हाही तेच. सेल मेला की तारीख थेट काही वर्षं मागे जाते. वेबसाइटही ‘सर्टिफिकेट’च्या, म्हणजे ठरावीक तारखांपुरत्या चालणाऱ्या त्यांच्या ओळखपत्राच्या, तक्रारी करू लागल्या तर ही शंका पक्की समजा.

सर्व्हरच्या खोलीच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली आहे. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण त्याच दिवशी सेलही बदला. किंमत लिंबांपेक्षा फार जास्त नाही.

हाताने वेळ लावण्यातही एक खोच आहे. मशीन आतून जागतिक वेळ मोजतं आणि टाइम झोन अमेरिकेचा राहून गेला असेल, तर कोपऱ्यात आपली वेळ बरोबर दिसत असूनही आतला हिशेब कित्येक तास चुकलेला असतो. म्हणून आधी झोन बघा, मग विंडोजची टाइम सर्व्हिस चालू आहे का आणि फायरवॉलने 123 नंबरचा पोर्ट, म्हणजे वेळ जुळवण्याचे संदेश जातात ती वाट, अडवलाय का ते बघा. कॅप्स लॉक, संपलेला पासवर्ड, लॉक झालेलं खातं ही नेहमीची कारणंही तपासाच. त्यांना लेख लागत नाही.

आणि एक गंमत. सर्व्हरच 10 मिनिटं मागे असेल आणि सगळी मशीन त्याच्याकडूनच वेळ घेत असतील, तर लॉगिन बिनबोभाट होतं, कारण कर्बेरॉसला घड्याळं एकमेकांशी जुळलेली असली की पुरतं. घोटाळा कळतो तो मोबाइलच्या ॲपमधला, खऱ्या वेळेवरून बनणारा आणि दर 30 सेकंदांनी बदलणारा लॉगिनचा कोड ऑफिसचा सर्व्हर नाकारू लागतो तेव्हा, आणि मग पुन्हा सगळे व्हायरस शोधायला लागतात.