गोळी आधी, पत्ता नंतर

मधुमेहावरच्या ग्लिटाझोन औषधांची गोष्ट उलटीच सुरू झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या ताकेदा कंपनीत सिग्लिटाझोन तयार झालं. उंदरांची साखर उतरली, पण ते पेशीत नेमकं कुठे जाऊन बसतं, याचा कुणालाच पत्ता नव्हता. तो लागला १९९५ मध्ये: ग्लॅक्सोतल्या संशोधकांनी दाखवलं की ही औषधं पीपीएआर-गॅमा या पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात. चरबीच्या पेशींत कोणती जनुकं चालू करायची, हे हा रिसेप्टर ठरवतो.

औषधाची जागा संगणकावर शोधण्याचा 'डॉक' हा प्रोग्रॅम कॅलिफोर्नियात १९८२ पासूनच होता, पण रिसेप्टरचा आकारच हाती नसेल तर बसवायचं कशात? १९९८ मध्ये पीपीएआर-गॅमाची स्फटिकरचना, म्हणजे त्याचा अणूअणूपर्यंतचा आकार, छापून आली आणि रोसिग्लिटाझोन आत कसं बसतं ते दिसलं. रेणूचं डोकं रिसेप्टरच्या साखळीतल्या टायरोसीन ४७३ या अमिनो आम्लाला हायड्रोजन बंधांनी धरतं, त्यामुळे शेवटचं, बारावं हेलिक्स (साखळीचा पिळदार तुकडा) झाकणासारखं जागेवर बसतं आणि मग मदतनीस प्रथिनाला तिथे टेकायला जागा मिळते. तेव्हापासून हजारो रेणू पडद्यावर बसवून पाहता येऊ लागले.

अडचण रेणू ज्या खोबणीत बसतो तिच्यातच होती. ती सुमारे १३०० घन अँगस्ट्रॉमची, म्हणजे ऐसपैस, आणि रोसिग्लिटाझोन तिचा जेमतेम ४० टक्के भाग व्यापतं. एवढ्या मोकळ्या जागेत बरंच काही बसतं. म्हणून संगणकाकडून चांगले गुण मिळालेला रेणू चांगलं औषध ठरेलच, असं मी तरी धरून चालणार नाही. शिवाय रेणू बसल्यावर यकृताचं, हृदयाचं काय होईल, हे खोबणीच्या चित्रात दिसत नाही. ट्रोग्लिटाझोन यकृताला घातक ठरल्याने २००० मध्ये अमेरिकेतून मागे घेतलं गेलं. रोसिग्लिटाझोनवर २००७ पासून हृदयविकाराचा संशय होता. २०१० मध्ये भारतानेही ते थांबवलं.

मग गॅमा आणि त्याचाच भाऊबंद पीपीएआर-अल्फा, दोन्हींवर चालणाऱ्या रेणूंकडे मोर्चा वळला: साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), दोन्ही एका गोळीत. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजचं रागाग्लिटाझार नोव्हो नॉर्डिस्कने चाचण्यांपर्यंत नेलं, पण प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या आणि २००२ मध्ये काम थांबलं. अहमदाबादच्या झायडसच्या सारोग्लिटाझारला मात्र जून २०१३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. गंमत अशी, की त्याच महिन्यात सरकारने जुन्या पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली, आणि जुलैअखेर वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा सुरू केली.