पायाचा चर आणि लुटीचा चर
पायाचा चर कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. भिंत उभारण्याआधी तो खणतात, त्यात पाया रचतात आणि बाजूला उरलेली फट मातीने बुजवतात. लुटीचा चर मात्र भिंत निकामी झाल्यावर, कधीकधी कित्येक शतकांनी, पायातल्या विटा किंवा दगड उपसून नेण्यासाठी खणलेला असतो. दोन्ही चर भिंतीच्याच रेषेत धावतात आणि छेदात, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्याच्या उभ्या कापलेल्या बाजूत, दोन्ही भुसभुशीत मातीच्या उभ्या पट्ट्यांसारखे दिसतात, त्यामुळे उत्खननाच्या नोंदींत एकाला दुसऱ्याचे नाव सर्रास दिले जाते.

भरावाचा, म्हणजे चर बुजवलेल्या मातीचा, रंग, ओल आणि त्यातले विटांचे रोडे यांवरून निकाल देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. लुटीच्या चरात रोडे आणि चुन्याचे गोळे बहुधा अधिक सापडतात हे खरे. पण गवंड्यांनी टाकलेले तुकडे पायाच्या चरातही पडतातच.

खरा निवाडा करते ती घराची जमीन. चार बोटे जाडीची, चोपून केलेली मातीची जमीन पायाच्या चराच्या तोंडावरून सलग जाऊन भिंतीला भिडत असेल, तर चर त्या जमिनीखाली बंद झालेला आहे. अशा वेळी चरातले सर्वांत अलीकडचे नाणे ज्या काळातले, त्याच्या आधी भिंत बांधली गेली असणे शक्य नाही. लुटीच्या चरात याच्या उलट घडते. तीच जमीन चराच्या काठाशी सुरीने कापल्यासारखी थांबते, मध्ये भराव लागतो आणि पलीकडे त्याच सुमाराच्या पातळीवर भिंतीपल्याडच्या दालनाची जमीन पुन्हा सुरू होते. चराची कड वर शोधत गेल्यास ती पडझडीच्या थरालाही छेदून बरीच वर पोहोचते. या भरावातले नाणे चर कधी बुजला याबद्दल बोलते, भिंत कधी बांधली याबद्दल नाही. आणि एवढ्या एका चुकीने अख्खी वास्तू काही शतके अलीकडे ओढली जाते.

लूट झालेली भिंत वाया गेली, असे मात्र समजू नये. हडप्पाच्या विटा एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या रुळांखाली खडी म्हणून नेल्या गेल्या, हे सर्वश्रुत आहे. पेशावरजवळच्या चारसद्दा येथे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1958 मध्ये उत्खनन केले, तेव्हा शेजारच्या शेखान ढेरीवरील नगराचे रस्ते आणि घरे विटा उपसणाऱ्यांच्या चरांमुळेच हवाई छायाचित्रात उमटलेली दिसली. भिंती गेल्या होत्या, आराखडा शिल्लक होता.

सर्वांत चीड येते ती भिंत सापडताच तिच्या कडेकडेने थापी चालवत जाण्याच्या सवयीची. त्याने भिंतीचा चेहरा छायाचित्रात छान येतो, परंतु जमीन आणि भिंत जिथे भेटतात नेमकी तीच वीतभर माती टोपलीतून बाहेर जाते. वर पुढच्या हंगामात आलेल्याला ती फट लुटीचा चर भासते, कारण तिनेही जमीन कापलेलीच असते. त्यामुळे भिंतीला काटकोनात न खणलेल्या मातीचा एक बांध राखावा, त्याच्या छेदात जमीन भिंतीपर्यंत पोहोचते की काठाशी तुटते हे पाहून रेखाटन करावे, आणि तोवर भिंतीलगतच्या मातीला हात लावू नये.