मस्तकाच्छादन : बायबलमधील विवाह आणि अधिकार

उपासनेत प्रार्थना करताना किंवा संदेश देताना स्त्रीने डोके झाकावे, ही ख्रिस्ती परंपरेतील जुनी शिकवण आहे. नव्या करारात तिचा आधार एकाच ठिकाणी सापडतो : प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील २ ते १६ ही पंधरा वचने. 'स्त्रीचे मस्तक पुरुष आहे' हे विधानही याच वचनांत येते. त्यामुळे डोक्यावरचे वस्त्र आणि पतीचा अधिकार हे दोन विषय पुढे एकमेकांत मिसळले आणि आच्छादन म्हणजे पत्नीच्या अधीनतेची खूण, असा अर्थ शतकानुशतके गृहीत धरला गेला. मूळ शब्द जवळून पाहिले की हा अर्थ तितका सरळ उरत नाही.

करिंथ हे ग्रीक शहर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. इ.स. ५० च्या सुमारास पौल तेथे पोहोचला, दीड वर्ष राहिला आणि हे पत्र त्याने काही वर्षांनी इफिसहून लिहिले. त्याचे वाचक ग्रीक बोलणारे, पण रोमन रीतीभातींत वावरणारे होते. रोमन देवकार्यात बळी अर्पण करणारा पुरुष आपल्या टोग्याचा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्राचा, काठ डोक्यावर ओढून घेई. करिंथच्या उत्खननात मिळालेला सम्राट ऑगस्टसचा पुतळा अशाच झाकलेल्या डोक्याचा आहे. प्रार्थना करताना पुरुषाने डोके झाकू नये, असे पौल सांगतो, त्यामागे हीच रीत असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. वचनांची ही अर्धी बाजू वाचताना सहसा निसटते. पौल पुरुषांनाही तितक्याच ठामपणे नियम घालून देतो.

स्त्रीच्या बाबतीत झाकलेले डोके हे विवाहित असल्याचे लक्षण होते. रोमन वधू ज्वाळेच्या रंगाचे वस्त्र डोक्यावर घेई. पत्नी उघड्या डोक्याने बाहेर पडली एवढ्याच कारणासाठी गाइयस सुल्पिसियस गालुस याने तिला सोडल्याची हकिकत वालेरियस माक्सिमस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहे. यहुदी परंपरेतही असेच होते. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहानुसार केस मोकळे सोडून घराबाहेर जाणारी पत्नी यहुदी रीत मोडते आणि विवाहाच्या करारात ठरलेली रक्कम न देता तिला सोडता येते. अशा शहरात भर मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या सभेत, कोणी डोक्यावरचे वस्त्र काढले, तर पाहणाऱ्याला त्यातून विवाह झुगारल्याचा अर्थ लागणे स्वाभाविक होते.

जुन्या करारात डोके झाकण्याची आज्ञा नाही, प्रसंग मात्र आहेत. इसहाक समोरून येताना दिसताच रिबका उंटावरून उतरते आणि वस्त्राने स्वतःला झाकून घेते (उत्पत्ती २४). व्यभिचाराचा संशय घेतलेल्या पत्नीला परमेश्वरासमोर उभी करून याजक तिच्या डोक्याचे केस मोकळे करतो (गणना ५). याहून बोलका प्रसंग रूथच्या पुस्तकात आहे. मवाबी विधवा रूथ रात्री खळ्यात आपल्या दिवंगत पतीचा नातलग बवाज याला म्हणते की, तुझ्या वस्त्राचा पदर माझ्यावर पसर, म्हणजे मला पत्नी करून घे. येथे वापरलेल्या 'कनाफ' या हिब्रू शब्दाचे पंख आणि वस्त्राचा काठ असे दोन्ही अर्थ होतात. आणि तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस, असे आधी बवाजाने तिला म्हटले होते, तेव्हाही हाच शब्द आला आहे. रूथ त्याचाच शब्द त्याच्यासमोर ठेवते. झाकणे ही इथे पुरुषाने स्वीकारायची जबाबदारी आहे आणि मागणी स्त्रीने केलेली आहे. यहेज्केल संदेष्टा (अध्याय १६) हीच प्रतिमा देव आणि यरुशलेम यांच्या विवाहासाठी वापरतो, तर मलाखी पत्नीला टाकून देणाऱ्याविषयी बोलताना जुलमाने वस्त्र झाकणाऱ्याचा धिक्कार करतो. बायबलमध्ये विवाहातील आच्छादनाचा विचार करायचा तर सुरुवात या प्रसंगांपासून व्हायला हवी. ती बहुतेक वेळा होत नाही.

पौलाच्या वचनांतील वादाचा पहिला शब्द 'केफाले', म्हणजे डोके. मराठीत 'मस्तक' म्हटल्यावर शरीराचा अवयवच डोळ्यांसमोर येतो, वरिष्ठ अधिकारी येत नाही. आणि ग्रीक शब्दाचाही पहिला अर्थ अवयव हाच आहे. त्याच्या लाक्षणिक अर्थावर दोन मते आहेत. एका मतानुसार तो अधिकार सुचवतो. जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात लोक इफ्ताहाला आपला नायक करतात, तेथे जुन्या ग्रीक भाषांतरात हा शब्द आहे. दुसऱ्या मतानुसार तो उगम किंवा पोषणाचे मूळ दाखवतो. त्याच भाषांतरात 'नायक' या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी बहुधा वेगळाच ग्रीक शब्द निवडलेला दिसतो आणि इफिसकरांस पत्रात सगळे शरीर मस्तकापासून वाढते असे म्हटले आहे. आठव्या वचनात पौल स्वतः 'स्त्री पुरुषापासून झाली' असे कारण देतो, ते दुसऱ्या मताला जवळचे आहे. पण ख्रिस्त मंडळीचे मस्तक आहे असे म्हणताना अधिकाराचा अर्थ पूर्णपणे वगळता येत नाही, हेही मान्य करावे लागते.

दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. दहाव्या वचनात स्त्रीच्या डोक्यावर 'एक्झूसिया', म्हणजे अधिकार असावा, असे म्हटले आहे. अनेक भाषांतरांत येथे 'अधिकाराचे चिन्ह' असे छापलेले असते. ग्रीक मजकुरात 'चिन्ह' हा शब्दच नाही. तो भाषांतरकारांनी घातला आणि मग ते चिन्ह पतीच्या अधिकाराचे, असा अर्थ वाचकाने पूर्ण केला. याच पत्रात आठव्या आणि नवव्या अध्यायांत पौल हा शब्द माणसाच्या स्वतःच्या हक्कासाठी वापरतो : खाण्यापिण्याचा हक्क, प्रवासात पत्नीला सोबत नेण्याचा हक्क. अभ्यासक विल्यम रॅमसे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आणि मॉर्ना हूकर यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की दहाव्या वचनातही अधिकार स्त्रीचाच असू शकतो. झाकलेले डोके तिला मंडळीत उभे राहून प्रार्थना करण्याची आणि देवाचा संदेश देण्याची मोकळीक देते. पाचव्या वचनात स्त्रिया हे करतात असे गृहीतच धरलेले आहे, म्हणून हे वाचन प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य मानले आहे. दहाव्या वचनातील 'देवदूतांमुळे' या कारणाचे अनेक अर्थ लावले गेले. उपासनेत देवदूत हजर असतात या समजुतीला मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील लेखांतून आधार मिळतो.

अकराव्या वचनात पौल वळण घेतो. 'तरी' या शब्दाने सुरुवात करून तो म्हणतो की प्रभूमध्ये स्त्री पुरुषावाचून नाही आणि पुरुष स्त्रीवाचून नाही. पहिली स्त्री पुरुषापासून झाली तशी प्रत्येक पुरुषाचा जन्म स्त्रीच्या द्वारे होतो आणि सर्व काही देवापासून आहे. ही दोन वचने सोडून केवळ 'स्त्रीचे मस्तक पुरुष आहे' या तिसऱ्या वचनावर विवाहाची उतरंड उभी करणे म्हणजे पौलाला अर्ध्या वाक्यावर थांबवणे होय.

विवाहातील अधिकाराविषयी पौल थेट बोलतो ते याच पत्राच्या सातव्या अध्यायात. पत्नीला स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, तो पतीला आहे, हे त्या काळी कोणालाही पटले असते. पुढच्याच श्वासात तो म्हणतो की तसाच पतीलाही स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, तो पत्नीला आहे. येथील क्रियापद 'एक्झूसिया'च्याच कुळातले आहे. इफिसकरांस पत्रातील 'पत्नींनो, पतींच्या अधीन असा' या वचनात सर्वांत जुन्या हस्तलिखितांत अधीन होण्याचे क्रियापदच नाही. ते आधीच्या 'एकमेकांच्या अधीन असा' या वाक्यातून घ्यावे लागते. तेथे मस्तक असलेल्या पतीला दिलेले काम कोणते? ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे स्वतःला देणे. आज्ञा करण्याचा हक्क त्या वचनांत कुठेही सांगितलेला नाही.

चौथ्या शतकात जॉन क्रिसोस्टोम या धर्मोपदेशकाने या वचनांवरील प्रवचनात एक मार्मिक मुद्दा मांडला. 'ख्रिस्ताचे मस्तक देव आहे' या शब्दांवरून पुत्र पित्याहून कमी ठरवणाऱ्यांना तो विचारतो की, पौलाला सत्ता आणि ताबेदारीच दाखवायची असती तर त्याने पत्नीचे उदाहरण का घेतले, दास आणि धनी यांचे का नाही? पत्नी स्वतंत्र आणि मानाने समान आहे, असे तो तेथे स्पष्ट सांगतो. इतरत्र तो पत्नीला पतीच्या आज्ञेत ठेवतो हेही खरे, पण मस्तकपणाने दर्जा घटत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

प्रथा म्हणून आच्छादन दीर्घकाळ टिकले. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने अविवाहित मुलींनीही डोके झाकावे असा आग्रह धरला; ख्रिस्ताला वाहिलेली कुमारी ही त्याची वधू, या कल्पनेतून जोगिणींचे शिरोवस्त्र आले. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे असा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च, तसेच आमिश आणि अनेक मेनोनाइट या साधेपणा जपणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रथा आजही चालू आहे आणि तेथील कितीतरी स्त्रिया ती स्वेच्छेने, देवासमोरील आदर म्हणून पाळतात.

याउलट, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही करिश्माई, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, मंडळ्यांत 'आत्मिक आच्छादन' नावाची कल्पना पसरली : प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एका वरिष्ठाचे आणि पत्नीवर पतीचे छत्र हवे, त्याबाहेर पडणारी देवाच्या संरक्षणाबाहेर पडते. पौलाच्या वचनांत याला आधार नाही. मारहाण सोसणाऱ्या पत्नीला 'छत्राखाली राहा' असे सांगण्यासाठी या शिकवणीचा उपयोग होतो, तेव्हा मलाखीने धिक्कारलेले जुलमाचे वस्त्र तेच असते.

विवाहविधीत मात्र वस्त्राचा आणखी एक वापर झाला, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी इटलीतील नोलाच्या पाउलिनस या ख्रिस्ती कवीने एका विवाहावर काव्य लिहिले; त्यात बिशप वधू आणि वर या दोघांच्या डोक्यांवर वस्त्र धरून आशीर्वाद देतो. स्पेनमध्ये ही रीत वधूचे डोके आणि वराचे खांदे एकाच वस्त्राने झाकण्याच्या रूपात टिकली आणि तेथून फिलिपाइन्समध्ये गेली. तेथील चर्चमध्ये आजही साक्षीदार पुढे येऊन एकच पांढरे वस्त्र दोघांवर टाचतात. पूर्वेकडील चर्चमध्ये मुकुट वापरतात. ते दोन असतात, आणि याजक एक वराच्या व एक वधूच्या डोक्यावर ठेवतो.