सर्व्हर आभासीकरण : रचना आणि देखभाल (मराठवाड्याच्या संदर्भात)

एकाच यंत्रावर एकमेकांपासून अलग असे अनेक सर्व्हर चालवण्याच्या तंत्राला सर्व्हर आभासीकरण म्हणतात. हा शब्द कागदावरचा. बोलताना सगळे ‘व्हर्च्युअलायझेशन’च म्हणतात. आभासी सर्व्हर म्हणजे ‘व्हीएम’, खरे यंत्र म्हणजे ‘होस्ट’ आणि होस्टची मेमरी, प्रोसेसर, डिस्क व नेटवर्क व्हीएमना वाटून देणारी प्रणाली म्हणजे ‘हायपरव्हायजर’. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडे नांदतात. दार आणि चूल प्रत्येकाची वेगळी, आड मात्र एकच. येथे आडाच्या जागी बहुतेक वेळा सामायिक स्टोरेज (सगळ्या होस्टची मिळून असलेली डिस्कची पेटी) असते, आणि भांडणेही तिथूनच सुरू होतात.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात १९६०च्या दशकात सीपी-४० ही प्रणाली तयार झाली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आली. आभासीकरणासाठी प्रोसेसर कसा असावा, याच्या अटी पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडल्या. पीसीवाला एक्स८६ प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हता. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये सूचना चालता चालता बदलण्याची युक्ती करून ही अडचण ओलांडली; झेन या हायपरव्हायजरने २००३ मध्ये पाहुणी ऑपरेटिंग सिस्टीमच थोडी बदलून घेतली. इंटेल (२००५) आणि एएमडी (२००६) यांनी प्रोसेसरमध्येच सोय दिल्यावर काम सोपे झाले. केव्हीएम हा हायपरव्हायजर २००७ मध्ये लिनक्समध्ये आला, मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही २००८ मध्ये. त्याच वर्षी आलेल्या प्रॉक्समॉक्स या हायपरव्हायजर प्रणालीकडे लहान संस्थांचे लक्ष वळले ते बरेच नंतर. ब्रॉडकॉमने २०२३ च्या अखेरीस व्हीएमवेअर विकत घेऊन कायमस्वरूपी परवाने बंद केले, त्यानंतर.

रचना

मराठवाड्यातील कारखाना, नागरी बँक किंवा महाविद्यालय यांचा नेहमीचा संच म्हणजे दोन किंवा तीन होस्ट, एक स्टोरेज आणि दोन स्विच. या मापाच्या संचात प्रोसेसर सहसा कमी पडत नाही. प्रत्यक्ष कोअरच्या (प्रोसेसरमधल्या गणन-एककांच्या) तीन-चार पट आभासी कोअर वाटले तरी सामान्य कार्यालयीन कामाला चालते. मेमरीचे तसे नाही. तीन होस्टवर प्रत्येकी २५६ जीबी, म्हणजे ७६८ जीबी दिसतात आणि माणूस ६०० जीबीच्या व्हीएम भरून मोकळा होतो. एक होस्ट पडला की त्याच्या व्हीएम बाकीच्या दोघांनी चालवायच्या, आणि उरतात ५१२. त्यातून हायपरव्हायजरचा वाटा गेला की हातात साधारण ४६०. म्हणजे खरी मर्यादा पहिल्या दिवसापासून ४६०च होती. सर्व काही सुरळीत असते तोवर ही चूक दिसत नाही.

होस्ट दोनच असतील तर आणखी एक पेच येतो. दोघांमधली केबल तुटली की प्रत्येकाला वाटते, दुसरा मेला. दोघांनी एकच व्हीएम एकाच वेळी चालू केली तर डेटा नासतो. म्हणून क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टचा गट, निम्म्याहून जास्त मते असतील तरच काम करतो, आणि दोन होस्टसाठी तिसरे मत देणारे एखादे लहानसे यंत्र वेगळे ठेवावे लागते. जुना पीसीही पुरतो.

पण या भागात रचनेचा निकाल लागतो तो विजेवर आणि उन्हावर. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये याला एक ओळ मिळते; या नोंदीत जास्त जागा दिली आहे. प्रत्येकी ४०० वॅटचे तीन होस्ट, ५०० वॅटचे स्टोरेज आणि स्विचचे २०० वॅट धरले तर एकूण १९०० वॅट होतात. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. ती बाहेर काढायला अर्ध्या टनाहून थोडी जास्त शीतनक्षमता लागते, म्हणजे भिंतीवरचा दीड टनाचा एसी एरवी पुरून उरतो. गोम पुढे आहे. वळवाच्या पावसात तार तुटते, लाईट जाते, यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, पण एसी यूपीएसवर नसतो. बाहेर ४२ अंश, खोलीचे दार बंद, आत १९०० वॅटची शेगडी. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांची असावी असे आशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. दहा बाय दहाची खोली ती हद्द काही मिनिटांत ओलांडते. म्हणजे बॅटरी दोन तासांची घेतली तरी उष्णतेपुढे तिचा उपयोग नाही. जनरेटरवर एसीची वेगळी लाईन हवी, किंवा यूपीएसकडून संदेश मिळताच व्हीएम एकामागून एक आपोआप बंद व्हायला हव्यात. बॅटरी स्वतःही गरम खोलीत लवकर संपते: २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते.

घरोघरी चालणारा पाण्याचा कूलर येथे लावू नये. ओल आणि धूळ दोन्ही आत येतात. होस्टला दोन पॉवर सप्लाय असतात ते दोन वेगळ्या वाटांनी वीज यावी म्हणून. दोन्ही पिना एकाच यूपीएसमध्ये खोचलेल्या पाहायला मिळतात, ती गोष्ट वेगळी.

सगळेच आभासी करण्याचा हट्ट धरू नये. साखर कारखान्याचा वजनकाटा सिरियल पोर्टने पीसीला जोडलेला असतो, आणि जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचे डाँगल (परवान्याची किल्ली) लागते. डाँगल एका होस्टला खोचले की ती व्हीएम त्याच होस्टशी बांधली जाते, चालू अवस्थेत सहसा दुसरीकडे हलत नाही. नेटवर्कवरून डाँगल देणारी छोटी पेटी मिळते. नाहीतर काट्याचा पीसी आहे तिथेच राहू द्यावा. गाळप चालू असताना काटा बंद पडला तर उसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते.

देखभाल

सर्वांत जास्त घोळ स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची एका क्षणाची जपलेली अवस्था, घालतो. ‘स्नॅपशॉट घेतलाय ना’ हे उत्तर बॅकअपच्या प्रश्नाला दिले जाते, आणि ते चूक आहे. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्क गोठते आणि पुढचे सगळे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातात. दोन्ही असतात त्याच स्टोरेजवर. स्टोरेज गेले की दोन्ही गेले. विसरलेला स्नॅपशॉट महिनोन्‌महिने वाढतो, जागा संपवतो, आणि मग त्या स्टोरेजवरच्या बाकी व्हीएमही थांबतात. अपडेटआधी घ्यावा, दोन-तीन दिवसांत काढावा. बॅकअपचा नियम वेगळा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर) चालणाऱ्या होस्टवर खंडणीखोर हल्ले झाले तेव्हा व्हीएमच्या डिस्क फाइलच कुलूपबंद झाल्या. वापरलेल्या त्रुटीवरचा पॅच (दुरुस्ती) दोन वर्षांपूर्वीच आला होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि लॉग (यंत्राच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. लॉग त्याच होस्टवर असतील तर तेही जातात, म्हणून ते बाहेर पाठवावेत.

दुसरी जागा म्हणून नांदेडची संस्था छत्रपती संभाजीनगरकडे पाहते, किंवा उलट. अंतर रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन किमान अडीच मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक लिखाण दोन्हीकडे एकाच क्षणी होण्याचा आग्रह इतक्या अंतरावर महागात पडतो. दर पंधरा मिनिटांनी प्रत पाठवणे बहुतेकांना पुरते. इंटरनेटच्या दोन लाईन दोन कंपन्यांच्या असल्या तरी चर एकच असू शकते, आणि रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी कंपनी पाहत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपापर्यंत दख्खनचे पठार स्थिर समजले जात होते, हेही जागा निवडताना आठवावे.

कामाची वेळ त्या त्या संस्थेच्या वर्षाप्रमाणे ठरते. साखर कारखान्यात होस्टचे अपडेट पावसाळ्यात करतात, कारण गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. विद्यापीठात नेमके जून-जुलै टाळावे लागतात, कारण तेव्हा निकाल आणि प्रवेश असतात.

संपूर्ण संच बंद पडून पुन्हा सुरू करण्याची वेळ आली की कोंबडी आधी की अंडे आधी, असा प्रकार होतो. होस्टला स्टोरेजचे नाव शोधायला डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर, हवा. डीएनएस ही त्याच होस्टवरची व्हीएम, आणि ती अजून बंद. पासवर्डची वही त्याच फाइल सर्व्हरवर. म्हणून एक डीएनएस बाहेर ठेवतात, आणि आयपी पत्ते व सुरू करण्याचा क्रम छापून सर्व्हर खोलीच्या दाराला आतून चिकटवतात. क्रम असा: स्विच, स्टोरेज, होस्ट, डीएनएस, डेटाबेस, मग बाकीचे. अनुभवी माणूस त्या कागदावर सगळ्यांत वर पेनाने एक ओळ लिहून ठेवतो: आधी एसी चालू आहे का बघा.